होळी जळाल्यानंतरची थंडी

होळी जळाली, थंडी पळाली, असे आपल्याकडे म्हणतात आणि इंदुरात ते जवळजवळ दरवर्षी खरे ठरते. धुळवडीनंतर दोन-तीन दिवसांत आई घरातले सगळे स्वेटर, शाली, मफलर आणि कानटोप्या गच्चीवर कडक उन्हात पसरते, संध्याकाळी त्यांच्या घड्या घालते आणि मधूनमधून कडुनिंबाचा वाळलेला पाला व डांबरगोळ्या पेरून ते सारे लोखंडी ट्रंकेत बंद करते. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, राजवाड्यापुढून निघेपर्यंत आमच्या घरात लोकरीचा एक धागाही बाहेर उरलेला नसतो. यंदा मात्र गेर पाहून, डोक्यातला गुलाल कसाबसा धुऊन मी त्याच संध्याकाळी ती ट्रंक पुन्हा उघडली, कारण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला उत्तराखंडातल्या गढवालात, चोपता आणि तुंगनाथच्या वाटेवर, दुसऱ्यांदा जायचे होते. तीन वर्षांपूर्वीच्या पहिल्या खेपेला त्या ट्रंकेतले जवळजवळ सगळेच कपडे आम्ही बरोबर नेले होते आणि तरीही आई माझ्या डोळ्यांसमोर गारठून गप्प झाली होती. कपडे पुरेसे होते, पण ते चुकीच्या जातीचे होते आणि चुकीच्या वेळी अंगावर होते. मधल्या तीन वर्षांत मी या विषयावर बरेच वाचले, हिमालयात नेहमी जाणाऱ्यांना विचारले, निरनिराळे कपडे भिजवून दोरीवर वाळत घालून पाहिले. त्यातून जे हाती लागले ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण बर्फ बघून यावे म्हणून मार्च-एप्रिलमध्ये डोंगरात जाणारी मराठी कुटुंबे आता पुष्कळ आहेत आणि त्यांच्या सामानात मला आमच्याच चुका दिसतात.

आपण सपाटीवरची माणसे कपडे आकड्यावरून ठरवतो. मोबाइलवर दिवसाचे कमाल आणि रात्रीचे किमान तापमान पाहायचे, ते डिसेंबरातल्या इंदूरशी ताडून बघायचे आणि फरकाच्या मानाने एखादा स्वेटर वाढवायचा, एवढाच आपला हिशेब असतो. माळव्यात तो चुकत नाही, कारण माळव्याची हवा दिलेला शब्द पाळते. सकाळी गार, दुपारी ऊन, सूर्य मावळला की हळूहळू पुन्हा गारवा. ‘शब-ए-मालवा’ म्हणून जिची ख्याती आहे ती इथली रात्रही ठरल्या वेळीच थंडावते. खांद्यावर एक शाल असली की माणूस दिवसभरासाठी निर्धास्त असतो. डोंगरातल्या वसंतात हा हिशेब कोलमडतो, कारण तिथे दिवसाचे एकच असे तापमान नसते. उन्हात उभे राहिलात तर बाह्या वर कराव्याशा वाटतात, ढग आला की दोन मिनिटांत काकडायला होते, आणि वळण ओलांडून खिंडीच्या तोंडाशी आलात की ऊन असूनही वारा हाडांपर्यंत पोहोचतो.

यामागची कारणे समजून घेतली की कपडे आपोआप उलगडत जातात. पहिले कारण उंचीचे. सरासरीने दर हजार मीटर चढल्यावर हवा सुमारे साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते. तुंगनाथचे मंदिर ३,६८० मीटरवर आहे आणि ऋषिकेश जेमतेम साडेतीनशे मीटरवर, म्हणजे गंगेकाठी ३० अंशांत घाम पुसत असताना वर मंदिरापाशी सावलीत आठ-नऊ अंश असणे अगदी स्वाभाविक आहे, तेही आकाश निरभ्र असताना. दुसरे कारण दुपारच्या ढगांचे. वसंतात सूर्य प्रखर होत जातो, उतार तापतात, दरीतली हवा वर चढू लागते आणि सकाळी काचेसारखे स्वच्छ असलेले आकाश बारा-एकच्या सुमारास भरून येते. तिसरे कारण आपल्या ओळखीचे आहे. इथल्या हिंदी वर्तमानपत्रांत ज्याला पश्चिमी विक्षोभ म्हणतात तो भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारा झंझावात हिवाळ्यात आणि वसंतात एकामागून एक उत्तरेकडच्या डोंगरांवर येऊन आदळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्याच्या प्रभावाने माळव्यात ढग दाटतात, गारा पडतात आणि कापणीला आलेला गहू आडवा होतो, तोच वर गढवालात बर्फ पाडत असतो. म्हणून आता निघण्याआधी आठवडाभर मी तापमानापेक्षा या झंझावाताची बातमी जास्त काळजीपूर्वक वाचतो.

पहिल्या खेपेला यातले काहीच ठाऊक नव्हते. मार्चचा शेवटचा आठवडा होता. मी, पत्नी, अडुसष्ट वर्षांची आई आणि ग्वाल्हेरहून आलेला कॉलेजात शिकणारा भाचा, असे चौघे होतो. चोपता सुमारे २,७०० मीटरवर आहे. तिथून तुंगनाथपर्यंत दगडी फरसबंदीची चार किलोमीटरच्या आतली चढण आहे. पहाटे खोलीबाहेर पडलो तेव्हा पायऱ्यांवर बर्फाचा पापुद्रा होता, तोंडातून वाफ निघत होती, म्हणून प्रत्येकाने अंगावर चढवता येईल ते सगळे चढवले: सुती बनियन, त्यावर इनर, त्यावर सुती शर्ट, जाड स्वेटर आणि सगळ्यांवर कापूस भरल्यासारखे फुगीर जॅकेट. आईने साडीवर स्वेटर, त्यावर शाल आणि त्यावर माझे जुने जॅकेट घातले होते. भाच्याच्या पायांत जीन्स होती. पहिल्या अर्ध्या किलोमीटरमध्येच आम्हाला घाम फुटला. बुरांस, म्हणजे डोंगरातला ऱ्होडोडेंड्रॉन, ऐन बहरात होता, लाल फुलांनी झाडे लखलखत होती, ऊन चढत होते आणि चढण सरळ होती. जॅकेट काढा, असे कुणाच्या मनात आले नाही असे नाही. पण काढले तर हातात कोण धरणार आणि पुन्हा सर्दी झाली तर, या विचाराने आम्ही तसेच वर चढत राहिलो. तासाभरात माझी पाठ पाण्यात बुडवून काढावी तशी ओली झाली होती.

साडेअकराच्या सुमारास तुंगनाथच्या वरच्या चंद्रशिला शिखराच्या बाजूने ढग उतरला. आधी ऊन गेले, मग वारा सुटला आणि मग साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या कणांचा मारा सुरू झाला. त्या कणांचे मला नवल वाटले होते, कारण ते पाण्यासारखे ओघळत नाहीत. अंगावर आपटून उडतात, गळपट्टीत आणि बाह्यांत साचतात आणि अंगाच्या उबेने तिथेच वितळतात. तुंगनाथच्या मंदिराची कवाडे त्या दिवसांत बंद असतात, हिवाळ्यातली पूजा खाली मक्कूमठात होते आणि त्यामुळे वरच्या धर्मशाळा व दुकानेही बंद होती. आडोसा असा नव्हताच. आम्ही मागे फिरलो. दहा मिनिटांत घामाने भिजलेला आतला सुती कपडा बर्फाच्या पाण्याच्या पट्टीसारखा पाठीला चिकटला आणि सगळे थर अंगावर असताना मला जी हुडहुडी भरली ती आजवर कधी भरली नव्हती. आई सुरुवातीला “अरे, सावकाश चला” म्हणत होती. नंतर तिने बोलणे सोडले. मला वाटले, ती जपून पाऊल टाकते आहे म्हणून बोलत नाही. चोपत्याला एका ढाब्यात शिरलो तेव्हा तिला शालीची गाठ सोडता येईना. ढाबेवाल्याने एकदा तिच्याकडे पाहिले, चुलीपाशी बाकडे ओढले आणि चहाचे नावही न काढता म्हणाला, “माताजी, पहले गीला उतारिए.” त्याच्या पत्नीने तिला आत नेऊन कोरडे कपडे दिले, घोंगडीत गुंडाळले आणि मग गरम गोड चहा दिला. अर्ध्या तासाने आई बोलू लागली.

त्या माणसाचे ते वाक्य या सगळ्या विषयाचा गाभा आहे, असे मला आज वाटते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. ऊबदार कपडा म्हणजे तरी काय, तर धाग्यांमध्ये अडकवून ठेवलेली स्थिर हवा. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की तोच कपडा अंगातली ऊब बाहेर ओढू लागतो. त्यात वाऱ्याची भर पडते. शून्य अंश तापमानात ताशी तीस किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे सहा-सातसारखे लागते. शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्यासाठी कडाक्याची थंडी लागते हा समज चुकीचा आहे. ओले कपडे आणि वारा असेल तर पाच-सात अंशांतही ती ओढवते. बोटांना बटण वा गाठ न सुटणे, बोलणे अडखळणे किंवा थांबणे, सपाट वाटेवर पाय लटपटणे, ही तिची पहिली लक्षणे आहेत. वयस्कर माणसांच्या शरीराची थंडीला तोंड देण्याची ताकद कमी झालेली असते आणि त्यांना तिची जाणीवही उशिरा होते, हे मला आधी ठाऊक असते तर आईच्या गप्प बसण्याचा अर्थ मी वाटेतच लावला असता.

मराठी वाचकांसाठी इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्यापैकी जे डोंगरात फिरतात ते बहुधा पावसाळ्यात फिरतात. सह्याद्रीतले किल्ले असोत, की आम्हा इंदूरकरांचे महूजवळचे जानापाव आणि पातालपाणी, भिजणे हा त्या भटकंतीचा आनंदच असतो. सुती टीशर्ट अंगावर भिजतो, अंगावरच वाळतो आणि घरी येऊन आल्याचा चहा घेतला की सारे ठीक होते. त्या अनुभवातून आपल्या मनात भिजण्याविषयी एक निर्भयपणा तयार होतो आणि तोच हिमालयात घात करतो. जुलै-ऑगस्टमधला आपला पाऊस वीस-बावीस अंशांचा असतो. गढवालातला मार्चमधला पाऊस दोन-तीन अंशांचा असतो आणि त्याचा बर्फ कधी होईल ते सांगता येत नाही. तिथे भिजलेला कपडा अंगावर वाळत नाही, तो वाळवण्यासाठी लागणारी उष्णता शरीराकडे शिल्लकच नसते.

म्हणून पहिला नियम आमच्या घरात आता असा आहे की अंगाला लागून सूत नको. सुती बनियन, सुती मोजे, सुती परकर, जीन्स, यांतले काहीही चालण्याच्या वेळी अंगावर नसते. सूत घाम शोषून घेते आणि धरून ठेवते; भिजल्यावर त्याचे धागे लोळागोळा होतात आणि त्यांच्यातली हवा निघून जाते. पॉलिएस्टर आपल्या वजनाच्या एक टक्काही पाणी आत घेत नाही, त्यामुळे घाम बाहेरच्या बाजूला पसरतो आणि लवकर उडतो. खेळाडू घालतात तो साधा ड्राय-फिट टीशर्ट आतल्या थरासाठी पुरेसा असतो. एका जानेवारीत मी जीन्स, सुती बनियन, पॉलिएस्टरचा टीशर्ट आणि लोकरीचा पातळ स्वेटर एकाच वेळी भिजवून, पिळून, ओसरीवर सावलीत वाळत घातले. टीशर्ट दुपारपर्यंत वाळला. जीन्सच्या कमरेची पट्टी दुसऱ्या दिवशी दुपारीही हाताला ओलसर लागत होती.

लोकरीची गोष्ट निराळी आहे आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. लोकरीचा धागा आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बाष्प पोटात घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. बाष्प घेताना तो थोडी उष्णता सोडतोही. धाग्याला नैसर्गिक पीळ असल्यामुळे भिजल्यावरही त्यात हवेच्या पोकळ्या टिकून राहतात. हे मी परदेशी कंपन्यांच्या मेरिनो मेंढीच्या लोकरीच्या कपड्यांच्या जाहिरातींत वाचत होतो आणि वाचता वाचता एकदम माझ्या ध्यानात आले की हे तर घोंगडीचे वर्णन आहे. धनगर पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावरून पाठीवर सोडतो आणि मेंढरांमागे दिवसभर उभा राहतो. घट्ट विणीमुळे आणि लोकरीतल्या तेलकटपणामुळे पाणी बराच वेळ वरूनच ओघळून जाते आणि घोंगडी भिजली तरी तिची ऊब जात नाही. होळकरांचे घराणे धनगरांचे. त्यांच्या शहरात माझ्या तीन पिढ्या राहिल्या, आजोबांची काळी घोंगडी आमच्या माळ्यावर अजून आहे, आणि लोकर ओल्यात ऊब देते हे मला एका जाहिरातीने शिकवावे याची मनापासून खंत वाटली. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते आणि ती अंगाला टोचते, म्हणून आतला थर तिचा होऊ शकत नाही; पण तत्त्व तेच आहे.

एकावर एक थर घालण्याची कल्पनाही आजकालची नाही. १९२४ साली एव्हरेस्टवर बेपत्ता झालेल्या जॉर्ज मॅलरींचा देह १९९९ साली सापडला, तेव्हा त्यांच्या अंगावरच्या रेशीम, सूत, लोकर आणि घट्ट विणीचे गॅबर्डिन यांच्या थरांचा बारकाईने अभ्यास झाला आणि त्या कपड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करून २००६ साली त्या एव्हरेस्टच्या परिसरात वापरूनही पाहिल्या गेल्या. ते कपडे हलके, हालचालीला मोकळे आणि बऱ्यापैकी ऊबदार ठरले. शंभर वर्षांपूर्वी जे पातळ थरांनी साधले ते आम्ही एका जाड स्वेटराने आणि एका फुगीर जॅकेटाने साधायला निघालो होतो. जाड कपड्याची अडचण ही की तो एक तर अंगावर असतो किंवा नसतो. मधली पायरी नाही. चार पातळ कपडे असले की हवेच्या मानाने त्यांचा चढउतार करता येतो, आणि वसंतातल्या डोंगरात सगळा खेळ त्या चढउताराचाच आहे.

आतल्या थरावर आम्ही आता फ्लीसचे, म्हणजे मऊ लवदार कृत्रिम कापडाचे, पातळ, पुढे चेन असलेले जॅकेट घालतो. चेन महत्त्वाची, कारण चालता चालता ती अर्धी उघडता येते. डोक्यातून घालायचा स्वेटर काढायचा तर आधी सॅक उतरवावी लागते आणि आळसाने माणूस तो काढतच नाही. पिसे भरलेले डाऊन जॅकेट फार हलके आणि फार ऊबदार असते, पण ते भिजले की पिसांचे गोळे होतात आणि ऊब संपते. म्हणून वसंतात मी ते चालताना कधीच घालत नाही, थांबल्यावर आणि मुक्कामावर घालतो. कृत्रिम भरणीचे जॅकेट थोडे जड, पण ओल्याला अधिक सोशिक आणि स्वस्तही. घरातल्या ज्या माणसाला कपडे सांभाळण्याची सवय नाही त्याला तेच द्यावे.

सर्वांत बाहेरच्या थरावर मात्र पैसे वाचवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने ऊब द्यायची नसते; वारा आणि पाणी अडवायचे असते आणि आतली वाफ बाहेर सोडायची असते. शेवटचे काम सर्वांत अवघड आहे. रस्त्यावर मिळणारा प्लास्टिकचा रेनकोट पाणी अडवतो, पण चढणीवर दहा मिनिटांत आतून असा ओला होतो की पाऊस आत आला की काय असे वाटावे. १९६९ साली बॉब गोर यांनी टेफ्लॉन ताणून असंख्य सूक्ष्म छिद्रे असलेला पडदा तयार केला. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान आणि बाष्पाच्या कणापेक्षा मोठी असतात. आज अशा निरनिराळ्या पडद्यांची जॅकेटे मिळतात. पण पडद्यावर सर्वस्वी विसंबू नये. चढणीवर माणूस जेवढा घामाघूम होतो तेवढी वाफ कोणताही पडदा सोडू शकत नाही. त्यासाठी काखेखाली चेन असलेले जॅकेट घ्यावे. आपल्या कोकणातले भातलावणीचे इरले आठवावे: वरून डोके आणि पाठ पूर्ण झाकलेली, खालून आणि पुढून मोकळे, दोन्ही हात सुटे आणि वारा खेळता, म्हणून दिवसभर वाकून काम करणारी बाई त्यात घामाने भिजत नाही. काखेतली ती चेन म्हणजे इरल्याचीच मोकळी बाजू आहे. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल रेनकोट, पुष्कळ लोक नेतात, कारण तो सॅकही झाकतो. जंगलातल्या वाटेवर तो ठीक आहे, उघड्या धारेवर वाऱ्याने तो तोंडावर येतो आणि पायाखालचे दिसेनासे होते. छत्री खोलीपासून ढाब्यापर्यंतच न्यावी. आणि जॅकेटाइतकीच पाणी अडवणारी पॅन्ट आवश्यक आहे, जी आपल्याकडे कुणीच घेत नाही. सॅकमध्ये तिची घडी डब्याएवढी होते. भाच्याची जीन्स भिजल्यावर त्याची मांडी इतकी बधिर झाली होती की त्याला पाय उचलतोय की नाही ते कळत नव्हते.

आता वेळेची गोष्ट, जी मला कपड्यांहूनही महत्त्वाची वाटते. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. खोलीच्या दारात उबेने बरे वाटत असेल तर एक थर जास्त झाला आहे, तो तिथेच काढून सॅकमध्ये वरच्या बाजूला ठेवावा. चालताना कपाळावर घाम दिसला की चेन उघडावी किंवा थांबून थर उतरवावा, पाठ ओली होईपर्यंत वाट पाहू नये. आणि याच्या उलट, विश्रांतीसाठी थांबल्यावर थंडी वाजण्याची वाट न पाहता पहिल्या मिनिटातच जॅकेट चढवावे, कारण शरीर तापलेले असताना अडवलेली ऊब टिकते. ढग वाटेवर उतरताना दिसला की बाहेरचा थर पावसाआधी अंगावर असावा. गढवालातल्या बायका पाठीवर गवताचे ओझे घेऊन चढण चढताना मी पाहिल्या आहेत. चढाला लागताना त्या अंगातले कार्डिगन काढून ओझ्यावर टाकतात आणि ओझे टेकवून बसल्या की आधी ते खांद्यावर ओढतात. त्यांना हे कुणी शिकवलेले नाही.

डोके, हात आणि पाय यांविषयी थोडक्यात. शरीरातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हे मी लहानपणापासून ऐकत आलो, पण ते खरे नाही. डोके शरीराच्या पृष्ठभागाचा दहावा हिस्साही जेमतेम असते. तरी कानटोपी हवीच, कारण बाकी सगळे झाकलेले असताना तेच उघडे राहते, आणि ती काढणे-घालणे हा चढउताराचा सर्वांत सोपा मार्ग आहे. हातमोज्यांचा एक जादा जोड कोरडा ठेवावा. बुटांचे म्हणाल तर वसंतातला बर्फ सकाळी काचेसारखा कडक आणि निसरडा असतो व अकरानंतर चिखलासारखा होतो. जाळीचे स्पोर्ट्स शूज त्यात क्षणात भिजतात. चोपत्याला गमबूट आणि बुटांना बांधायचे लोखंडी काटे भाड्याने मिळतात, ते निःसंकोच घ्यावेत. दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट करू नयेत, रक्त खेळायचे थांबते आणि पाय जास्त गार पडतात. डोळ्यांकडे आपले सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. दर हजार मीटरला अतिनील किरणे साधारण दहा-बारा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून ढगाळ दिवशीही काळा चष्मा हवा. नाकाच्या आणि हनुवटीच्या खालच्या बाजूलाही ऊन अडवणारे मलम लावावे, कारण बर्फावर ऊन खालूनही येते.

आईच्या साडीचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. तिने जन्मभर साडी नेसली आहे आणि देवाच्या वाटेवर दुसरे काही घालायचे तिच्या मनाला पटत नव्हते. मी तिला पहिल्या खेपेची आठवण करून दिली नाही. समईची वात दाखवली. तेल जसे वातीतून वर चढते तसे साडीच्या आणि परकराच्या काठाने बर्फाचे पाणी गुडघ्यापर्यंत चढते, हे तिला लगेच पटले, कारण त्या दिवशी तिच्या पिंढऱ्यांना तेच झाले होते. मग आम्ही दोघे बाजारात जाऊन तिच्यासाठी लोकरीचे पातळ इनर, त्यावर सैल पॉलिएस्टरची सलवार आणि गुडघ्यापर्यंतचा कुडता घेऊन आलो. साडी तिने सॅकमध्ये घेतली आणि उखीमठला, जिथे वारा नव्हता, ती नेसून तिथल्या ओंकारेश्वराचे दर्शन घेतले. खरेदीविषयी एवढे सांगतो की मार्चमध्ये इंदुरात ऊबदार कपडे मिळणे कठीण होते, दुकानदार सगळा माल वर टाकून देतात. हिवाळ्यात तिबेटी विक्रेते येतात तेव्हाच लोकरीचे मोजे आणि इनर घेऊन ठेवावेत.

दुसऱ्या खेपेला आम्ही सात वाजता चोपता सोडले. अंगावर इनर आणि वर वारा अडवणारे पातळ जॅकेट, बाकी सारे पाठीवर. “अरे, थंडी वाजते आहे, स्वेटर घालू का?” असे आईने विचारले. “पहिल्या वळणापर्यंत थांब आणि मग सांग,” असे मी म्हणालो. दुसऱ्या वळणावर तिने स्वतःहून चेन उघडली. त्या दिवशी मी मोजले होते: मंदिरापर्यंत पोहोचायला लागलेल्या साडेतीन तासांत आम्ही सात वेळा काही काढले किंवा घातले आणि प्रत्येक वेळी दोन मिनिटांहून जास्त लागली नाहीत. मंदिराच्या बंद दारापुढे नमस्कार करून बसलो तोवर चंद्रशिलेवर ढग टेकला होता. भाच्याला वर जायचे होते. मी नको म्हटले आणि तो मुकाट्याने पाणी अडवणारी पॅन्ट चढवू लागला. साबुदाणा पुन्हा पडला, मागच्याइतकाच आणि जवळजवळ त्याच जागी. तो जॅकेटावर टपटपत राहिला आणि आई पूर्ण उतरणभर बोलत होती, बुरांसाच्या सरबताविषयी, मक्कूमठाविषयी आणि माझ्या आजोबांच्या घोंगडीविषयी, जी पुढच्या वेळी मुक्कामावर पांघरायला न्यायचीच असे तिने ठरवले आहे.

खाली आल्यावर ढाबेवाल्याकडे गेलो. त्याने ओळखले नाही, पण चहा दिला. संध्याकाळी खोलीत प्रत्येकाने रात्रीचा वेगळा, कोरडा जोड घातला. हा जोड दिवसा कितीही मोह झाला तरी वापरायचा नाही, असा करार आहे, आणि तो दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत सॅकच्या तळाशी असतो. दिवसाचे ओलसर मोजे मी रात्री पांघरुणात पोटाशी घेऊन झोपलो, सकाळी ते वाळलेले होते.

इंदुरात परतलो तेव्हा उन्हाचा पारा चाळिशीकडे निघाला होता. बाहेरची जॅकेटे साध्या पावडरने किंवा सुगंधी कंडिशनरने धुतली तर त्यांच्यावरचा पाणी झटकणारा लेप निकामी होतो, म्हणून ती सौम्य द्रवसाबणाने हातांनी धुऊन सावलीत वाळवली. घोंगडी माळ्यावरून खाली काढून गच्चीवर उन्हात टाकली आहे. एका कोपऱ्यात कसर लागलेली आहे. तेवढा भाग कुणाकडून रफू करून घेता येईल याची आई चौकशी करते आहे.